पिवळ्या पाठीचा चिरक

"आबा, ह्या बारीला चुकलो तर नाव बदलंन," दादासो भावाला म्हणाला, आणि पारावरची माणसं हसली. हसणारच. बावडा गावात दादासो काही बोलला की आधी हसायचं, मग ऐकायचं, अशी रीतच पडली होती. ती पाडली त्याच्या थोरल्या भावानं, सोसायटीच्या चेअरमन हिंदुरावानं. वाडवडलांनी मेंढरं राखली, हिंदुरावानं गाव राखलं, आणि दादासो लोणी देवकरला कारखान्यात फिटर. सुट्टीला गळ्यात दुर्बीण अडकवून पाखरं बघत हिंडायचा. चाळिशी आली तरी हिंदुराव त्याला चारचौघांत 'पाखऱ्या' म्हणायचा. एकदा, फक्त एकदा, ह्या माणसानं ह्याच पारावर म्हणावं की माझा भाऊ हुशार आहे. दादासोला दुसरं काही नको होतं.

आता ती वेळ आली होती. चिरक म्हणजे चिमणीएवढं, शेपटी उभारून बांधावर गाणारं पाखरू. पुस्तकात सरळ लिहिलेलं, उत्तरेकडं नराची पाठ तपकिरी, दक्षिणेकडं काळी. आणि बिरोबाच्या माळावर दादासोनं लांबनं पाहिला तो पिवळाधमक. मुलूख बदलला की पाठ बदलते, मग इंदापूर तालुक्यानंच काय घोडं मारलंय? त्यानं एसटीडी बूथवरनं पुण्याच्या पक्षीवाल्या साहेबांना फोन लावला.

"आधी जवळनं तरी बघा की," बायको सारजा म्हणाली.

"जवळ गेलं की उडतंय ते. तुला न्हाय कळायचं."

रविवारी साहेब आले. दादासोनं मुद्दाम हिंदुरावाला बोलावलं होतं, आणि हिंदुराव हार, नारळ नि अर्धा गाव घेऊन माळावर बिरोबाच्या देवळापुढं हजर.

"आमच्या पाखऱ्यानं काय दिवे लावलेत, बघू."

चिरक आला. साहेबांनी दुर्बीण लावली. "काळाच आहे की हो."

"ह्यो दुसरा, साहेब. आपला येईल."

काळा चिरक देवळाच्या कट्ट्यावर उतरला. नुकतीच यात्रा झालेली. देवावर उधळलेला भंडारा, म्हणजे हळद, कोपऱ्यात ढिगानं साचलेली. पाखरू त्या ढिगात शिरलं, फुफाट्यात लोळावं तसं मनसोक्त लोळलं आणि बाहेर आलं ते पिवळंधमक. वर शेपटी उभारून गायला लागलं.

"दादासो, भंडारा आहे तो," साहेब हळूच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. पाळण्यात असल्यापासून जो कपाळाला लावला, तो भंडारा दादासोला दुर्बिणीतनं ओळखू आला नव्हता.

त्यानं भीतभीत भावाकडं पाहिलं. हिंदुराव हसत नव्हता. हात जोडून उभा होता.

"बिरोबानं पाखराला भंडारा लावला," तो म्हणाला. मागं सगळ्या गावानं हात जोडले.

"आबा, ते नुसतं लोळलं..."

"गप ऱ्हा."

साहेब गाडीत बसून निघून गेले. कुणाचं लक्षही गेलं नाही.

संध्याकाळी पारावर हिंदुरावानं दादासोला शेजारी बसवलं. खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्यो चमत्कार पयला कुणी वळखला? माझ्या भावानं. लई हुशार हाय माझा भाऊ."

कुणीही हसलं नाही. खरं सांगायला दादासोनं तोंड उघडलं. भावानं जन्मात एकदा कौतुक केलं, तेही असल्या गोष्टीचं. त्याला हुंदका आला, मग दुसरा, मग सगळं अंग थरथरायला लागलं.

"अंगात आलं," गर्दीतली म्हातारी छबूबाई म्हणाली.

आणि हिंदुराव टोपी काढून त्याच्या पाया पडला.