खूणमुक्त मंडळाची वाळूची जत्रा

एका जंगलात, बाळांनो, एक मंडळ होतं.

वाघ नव्हता. पूर्वी होता. पण तो मंडळाच्या दोन बैठकांना बसला आणि तिसऱ्या दिवशी बायकापोरांसकट पलीकडच्या डोंगरात राहायला गेला.

त्याच जंगलात ठकू नावाची एक साळिंदरीण राहायची. अंगभर काळेपांढरे काटे, चालायला लागली की खुळखुळ वाजायची. तिची धाकटी बहीण बकू. ती लग्न करून वाळवंटात गेली ती गेलीच. तिला मुलं झाली, मुलांना मुलं झाली, आणि हे सगळं ठकूला स्थलांतर करणाऱ्या बगळ्यांकडून कळायचं. तेही अर्धवट, कारण बगळे कुठे थांबतात?

वाळवंटात दर माघात वाळूची जत्रा भरायची. तीन दिवस. मुलुखामुलुखातले प्राणी यायचे, तळ ठोकायचे, गायचे, नाचायचे, वाळूचे किल्ले बांधायचे आणि चौथ्या दिवशी मोडून निघून जायचे. जत्रेचे नियम दोनच. पहिला: गेल्यावर वाळूला कळता कामा नये की कुणी आलं होतं. दुसरा: एकट्यादुकट्याला प्रवेश नाही, गटानंच यायचं. कारण न्यायला-आणायला उंट, आणि उंट एकेकासाठी कशाला हेलपाटे घालेल?

ठकूला जत्रेचं काही पडलं नव्हतं. तिला बकूला बघायचं होतं. पण बकूपर्यंतची वाट गटातून जात होती. म्हणून श्रावणात एके दिवशी ती मंडळापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "आपण यंदा वाळूच्या जत्रेला तळ टाकू या का?"

मंडळाचे अध्यक्ष होते गवा अण्णासाहेब. एवढे मोठे की ते बसले की बैठक सुरू झाली असं सगळे समजत.

"कल्पना उत्तम आहे," अण्णासाहेब म्हणाले. "समिती नेमू."

झालं. 'खूणमुक्त तळ नियोजन मंडळ' असं नाव ठरलं. नावावरच तीन बैठका गेल्या. सगळ्यांना पळसाच्या पानाचे बिल्ले करायचे ठरले. बिल्ले झाले, तेव्हा ओढ्याकाठचे सात पळस बोडके झाले होते.

ठकूनं एका पानावर आपली योजना लिहून नेली. ओळी तीनच होत्या. खाऊन संपेल तेवढंच न्यायचं. सांडलं ते उचलायचं. आणलं ते परत न्यायचं.

चिटणीस उदमांजर होतं. चष्मा नव्हता, पण असल्यासारखं बघायचं. त्यानं ते पान वरून वाचलं, खालून वाचलं.

"सुटसुटीत आहे," ते म्हणालं. "म्हणजे अभ्यास कमी पडलाय."

योजना तत्त्वतः मान्य झाली आणि तिच्यावर चार उपसमित्या बसल्या.

उष्टं-खरकटं उपसमिती अस्वलमावशींकडे गेली. मावशींनी शिध्याची यादी काढली. मधाची पोळी तीस. वाळवलेली मोहाची फुलं, दोन गाठोडी. बोरांची चटणी. आणि प्रत्येक जिनसापुढे त्यांनी लिहिलं होतं: 'आणि थोडं वर, असू दे.'

"मावशी, हे परत कोण वाहून आणणार?" ठकूनं विचारलं.

"अगं, परमुलखात कमी पडलं तर? चार पाहुणे आले तर? आपलं नाव जाईल."

"पण नाव मागे राहायलाच नकोय ना तिथं!"

"तू नं, ठकू, फार काटेकोर," मावशी म्हणाल्या आणि चटणी दुप्पट केली.

मग एका बैठकीत तो नाजूक विषय आला. नियमानुसार सगळं परत आणायचं होतं.

"सगळं म्हणजे?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"सगळं," उदमांजर म्हणालं.

अण्णासाहेबांनी मनातल्या मनात हिशोब केला.

"मी दिवसातून साधारण…"

"आकडा इतिवृत्तात नको, अण्णासाहेब."

सावलीवरही चर्चा झाली. सावली ही खूण धरायची की नाही? सावली उपसमितीनं दीड महिना बसून अहवाल दिला: सावली ही खूण नव्हे, मात्र निघताना ती सोबत न्यावी.

मार्गशीर्षात रंगीत तालीम झाली. ओढ्याकाठच्या कुरणात तीन दिवस तळ पडला. उठला तेव्हा कुरणातलं गवत निजलेलं होतं, फळांच्या साली पसरलेल्या होत्या आणि ओढ्यात मध तरंगत होता. ठकू एकटी साली वेचत होती.

"ठकूताई, राहू द्या हो," उदमांजर म्हणालं. "हे आपलंच जंगल आहे. खुणा तिथं ठेवायच्या नाहीत. इथं कोण बघतंय?"

पण त्या वेचण्यातच घात झाला. उदमांजराला सालींच्या शेजारी एक काटा दिसला. काळापांढरा. ठकूचाच.

पुढच्या बैठकीत तो काटा पानावर ठेवून सगळ्यांपुढून फिरवण्यात आला.

"ठकूताई, रागावू नका," उदमांजर म्हणालं, "पण तुमचं गळतं."

ठकूचं तोंड एवढंसं झालं. "मी वेलीनं बांधून घेईन," ती म्हणाली.

आणि खरोखर तिनं बांधून घेतलं, बाळांनो. गुळवेलीचे अकरा वेढे. तशी ती आठ दिवस जंगलातून चालण्याचा सराव करत होती. बसता येईना, वळता येईना, झोपायचं तर उभ्याउभ्या झाडाला टेकून. माकडांची पोरं विचारायची, "ठकूमावशी, तुमचं पार्सल कुठे चाललंय?" ठकू म्हणायची, "बहिणीकडे." आणि पुढे चालायची.

नवव्या दिवशी उदमांजरानं शेरा मारला, "बांधणी समाधानकारक आहे, पण वेल सुटल्यास जबाबदार कोण?"

तेव्हा मात्र ठकूचा संयम सुटला. वेल राहिली, संयम सुटला.

"माझा काटा दिसतो होय तुम्हाला? मावशींचे केस झडत नाहीत? मोराची पिसं पडत नाहीत? आणि अण्णासाहेबांचे खूर काय हवेतून चालतात?"

बोलून गेली बिचारी. तिला वाटलं, मंडळी वरमतील. पण मंडळं वरमत नसतात. मंडळं नोंद घेतात.

"मुद्दा महत्त्वाचा आहे," अण्णासाहेब गंभीरपणे म्हणाले आणि स्वतःच्या खुरांकडे पाहू लागले.

पौषभर छाननी चालली. मोर पिसांमुळे गळला. अस्वलमावशी केसांमुळे गळल्या, शिध्यासह. हरणं लेंड्यांमुळे. अण्णासाहेब खुरांमुळे आणि त्या इतिवृत्तात न घेतलेल्या आकड्यामुळे. उदमांजरानं स्वतःच्या वासावर स्वतःच आक्षेप घेतला, तेव्हा सगळ्यांना भरून आलं. केवढा निःपक्षपातीपणा!

शेवटच्या बैठकीत अंतिम यादी वाचली गेली.

"जाणारे सदस्य: निरंक."

टाळ्या पडल्या.

"म्हणजे आपण जायचंच नाही?" ठकूनं विचारलं.

"असं कसं?" उदमांजर दुखावलं. "मंडळ जाणार. फक्त सदस्य जाणार नाहीत."

ठकू घरी आली. तिनं दातांनी एकेक वेढा कुरतडला. अकरा वेढे सुटले, आणि कितीतरी दिवसांनी ती नीट बसली. बसल्या बसल्या तिला बकू आठवली. लहानपणी एकाच बिळात दोघी झोपायच्या आणि रोज सकाळी कुणाचा काटा कुणाला टोचला यावरून भांडायच्या. ती उठली. दोन कंद घेतले. तिसरा घेणार होती, तो परत ठेवला.

जंगल जिथं विरळ होत संपतं, तिथं ठरल्या दिवशी उंट येऊन उभा होता. काहीतरी चघळत.

"गट कुठाय?" त्यानं विचारलं.

"बैठकीत आहे."

"मग तू?"

"मी गटातून आलेय."

उंटानं तिच्याकडे पाहिलं. मग रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. तो बरीच वर्षं बऱ्याच गटांना न्यायला जात होता.

"बस," तो म्हणाला. "पण मागे सरकून बस. टोचू नकोस."

जत्रेच्या वेशीवर घोरपड पहारा देत होती.

"गटाचं नाव?"

"खूणमुक्त तळ नियोजन मंडळ."

"अरे बापरे. किती जण?"

"मी धरून एक."

"आणि बाकीचे?"

ठकूनं मागच्या वाटेकडे पाहिलं. इतकं चालून, इतकं बांधून घेऊन, आता इथून परत? "बाकीचे," ती म्हणाली, "तत्त्वतः आलेत."

घोरपडीनं मान डोलावली. असे गट तिनं पाहिले होते. तिनं मंडळासाठी राखलेली भलीमोठी जागा दाखवली. ठकूनं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही, कारण समोरून खुळखुळ खुळखुळ करत कुणीतरी धावत येत होतं.

"ठके!"

"बके!"

साळिंदरांना मिठी मारता येत नाही, बाळांनो. त्या दोघी नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या.

"किती वाळलीस गं," बकू म्हणाली.

"बैठका होत्या."

तीन दिवस दोघी बकूच्या बिळापाशी बसल्या. नातवंडं अंगावर खेळली. दोन कंद सगळ्यांत मिळून खाल्ले, पुरले. नाचल्या. नाचताना काटे पडलेच. चौथ्या दिवशी दोघी वाळू चाळत बसल्या.

"हा तुझा."

"छे, माझे काय इतके पांढरे झालेत?"

"झालेत. बघ की."

असं भांडत भांडत शेवटचा काटा उचलला गेला. वाऱ्यानं वरून वाळू फिरवली.

मग घोरपड सगळ्या तळांची तपासणी करत निघाली. मंडळाच्या जागेवर ती फार वेळ थांबली. पाऊल नाही. साल नाही. केस नाही. राख नाही. इतका निर्मळ तळ जत्रेच्या इतिहासात झाला नव्हता. मंडळाला पहिला क्रमांक मिळाला, आणि मानाचं शहामृगाचं अंडं उंटाच्या पाठीवरून ठकूच्याच हाती जंगलात आलं. कुणी आणलं, हे कुणीच विचारलं नाही.

जंगलात मोठा सत्कार झाला. मोरानं 'वाळवंटातील माझे अनुभव' सांगितले. अस्वलमावशींनी मोहाची फुलं वाटली, कारण ती उरलीच होती. अण्णासाहेबांनी अंडं स्वीकारलं आणि म्हणाले, "हे यश एका व्यक्तीचं नाही."

ते खरंच होतं.

तेवढ्यात उदमांजराची नजर ठकूच्या पायांकडे गेली. तिच्या काट्यांतून भुरुभुरु वाळू गळत होती. व्यासपीठावर चांगला मूठभर ढीग झाला होता.

"अध्यक्ष महाराज! सदस्य न जाण्याचा ठराव असताना या बाई गेल्या होत्या. आणि वाळवंटाची खूण जंगलात घेऊन आल्यात!"

एकच गलका झाला. तातडीची बैठक बसली. ठकूला बाजू मांडायला सांगितलं. ती म्हणाली, "बहीण बरी आहे. चार नातवंडं आहेत." मुद्दा अप्रस्तुत ठरला.

मग अण्णासाहेबांनी जड आवाजात निर्णय दिला. "शिस्तभंगाबद्दल ठकूताईंना पुढील पाच वर्षं मंडळाच्या कोणत्याही बैठकीस बसता येणार नाही."

इतकी कठोर शिक्षा आजवर कुणाला झाली नव्हती. ठकूनं मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते. सगळ्यांना वाटलं, रडते आहे. अस्वलमावशींनी तर डोळे पुसले.

पाच वर्षं, ठकू मनात मोजत होती. म्हणजे पाच माघ. पाच जत्रा.

तात्पर्य: बाळांनो, जगात आपली एकही खूण मागे राहू नये असं वाटत असेल, तर समितीत जा, आणि बाकी कुठेही जाऊ नका. बक्षीस घरपोच येईल. पण कुणाला भेटायचंच असेल, तर पहिल्याच बैठकीत एखादा बरासा गुन्हा करून मोकळे व्हा.