डावीकडे वळताना येणारा आवाज

गाडी विकायची की ठेवायची, यावरून ग्रंथपालांच्या घरात बरेच दिवस धुसफूस चालू होती. शेवटी त्यांच्या पत्नीने गिऱ्हाईक शोधलं आणि त्याला शनिवारी संध्याकाळी यायला सांगूनही टाकलं. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. एकदा वेळ दिली की ती बदलायची नाही, हा शाळेतला नियम घरातही लागू होता.

गाडी म्हणजे जुनी, लांबलचक स्टेशन वॅगन. मागे एवढी जागा की एखादं कपाट आडवं झोपावं. इंजिनाची ताकद हिच्या चारही चाकांना मिळते, याचा ग्रंथपालांना भारी अभिमान होता. आता घर ते ग्रंथालय हा सगळा रस्ता सपाट आणि डांबरी. चारच काय, दोन चाकंसुद्धा जास्तच झाली असती. "पण वेळ काय सांगून येते का?" असं ते म्हणत. वेळ कधी आली नाही. आवाज मात्र आला.

डावीकडे पूर्ण वळलं की पुढून कुठूनतरी 'कट्-कट्-कट्' असं ऐकू यायचं. ग्रंथपालांना वाटायचं, गाडी आपल्या नावाने बोटं मोडतेय. तीन वेळा ते गाडी घेऊन मिस्त्रींकडे गेले आणि तिन्ही वेळा ती गॅरेजच्या दारात शहाण्या मुलीसारखी गप्प बसली.

"आवाज ऐकल्याशिवाय मी हात लावणार नाही साहेब," मिस्त्री म्हणाले. "उगाच सगळं खोलून ठेवीन आणि निघायचं काहीच नाही."

आवाज काढून दाखवला, तो बंद केला, तरच गाडी वाचणार होती. म्हणून त्या शनिवारी, पत्नी शाळेतल्या बैठकीला गेल्यावर, ग्रंथपालांनी मेहुण्याला बोलावलं. मेहुणा विमा विकायचा. पण पंपापासून पंख्यापर्यंत जगातलं कुठलंही यंत्र आपल्याला कळतं अशी त्याची खात्री होती. एखादी वस्तू त्याने दुरुस्त केली, की लोक नवीन घ्यायचे.

"दाजी, सोपं आहे," तो बाह्या सरसावत म्हणाला. "आवाज कधी येतो? डावीकडे वळताना. आणखी?"

"आई मागे बसल्या असल्या की." ग्रंथपालांनी आवाज खाली आणला. "एकटा असलो की क्वचितच येतो."

"म्हणजे वजनावर आहे! आईला बसवा."

सासूबाईंना वजनासाठी बसवायचं, हे त्यांना सांगायचं कसं? ग्रंथपाल आत गेले. सासूबाई खिडकीशी बसून शाल नीट करत होत्या. गुडघे दुखायला लागल्यापासून त्या फारशा बाहेर पडत नसत. आणि सासरे गेल्यापासून फारसं हसतही नसत.

"आई, जरा गाडीत बसता का? तुमचे कान तिखट आहेत. आवाज नक्की कुठून येतो ते तुम्हालाच कळेल."

सासूबाईंचा चेहरा उजळला. एवढ्यात दारातून मेहुणा ओरडला, "आई, चल लवकर, वजन पाहिजे!"

सासूबाईंनी आधी मुलाकडे आणि मग जावयाकडे पाहिलं. "मी कानांसाठी येतेय," त्या म्हणाल्या, आणि शाल घेऊन उठल्या.

घरामागे एक मोकळं, सपाट मैदान होतं. मधोमध काही नाही, एका कडेला शेजारणीची कपडे वाळत घालायची दोरी. मेहुण्याने पुढच्या दोन्ही चाकांपाशी जॅक लावून गाडी उचलली आणि स्टिअरिंग डावीकडे पार शेवटपर्यंत फिरवलं. बेत असा होता की चाकं हवेतच फिरवायची आणि बाहेरून आवाज ऐकायचा.

"गाडी चालू करा, गिअरमध्ये टाका आणि खाली उतरा."

"उतरू? आणि गाडी निघाली म्हणजे?"

"पुढची चाकं हवेत आहेत दाजी. हवेतली चाकं गाडी ओढतात का कधी?"

तर्क बिनतोड होता. ग्रंथपालांनी हँडब्रेक सोडला, कारण मेहुणा म्हणाला की गाडीला मोकळं वाटलं पाहिजे. गिअर टाकला. उतरून दार लावलं. दार लागल्याचा आवाज येताच मागच्या सीटवर बसलेल्या सासूबाईंनी सवयीने बटण दाबून सगळी दारं आतून लॉक केली.

पुढची चाकं हवेत भिरभिरू लागली. मेहुणा उकिडवा बसून कानामागे हात धरून ऐकू लागला. आणि त्या क्षणी ग्रंथपालांना आठवलं, की ज्या गोष्टीचा आपल्याला इतकी वर्षं अभिमान होता, ती गोष्ट म्हणजे मागचीसुद्धा चाकं ओढतात.

"अरे, चारी चाकांची गाडी आहे ना ही!"

मागच्या चाकांना जणू हाकच ऐकू गेली. गाडीने एक धक्का घेतला, जॅकवरून धप्पकन खाली उतरली, आणि डावीकडे वळून निघाली. मेहुणा बेडकासारखा बाजूला उडाला.

वेग काही फार नव्हता. फिरायला निघालेल्या माणसाचा असतो तेवढाच. पण स्टिअरिंग वळलेलं असल्याने गाडीने एक मोठा, देखणा गोल घेतला आणि पुन्हा त्यांच्यासमोरून गेली. मागच्या सीटवर सासूबाई ताठ बसल्या होत्या. पुढे कोणीच नव्हतं. आणि आवाज येत होता. स्वच्छ, खणखणीत, 'कट्-कट्-कट्'.

"आई!" ग्रंथपाल खिडकीच्या काचेला धरून बरोबरीने चालू लागले. काच बोटभर उघडी होती. "आई, दार उघडा!"

"चालत्या गाडीचं?"

"हो!"

"जावईबापू, चालत्या गाडीचं दार उघडायचं नसतं, हे तुम्हीच मला सांगितलंत. केवढ्यांदा ओरडला होतात त्या दिवशी."

"ते वेगळं होतं! आज गाडी कोणी चालवत नाहीये!"

"मग तर मुळीच नाही उघडणार," सासूबाई म्हणाल्या.

"मग पुढे येऊन ब्रेक दाबा! मधलं पायडल!"

"तुमच्यासारखे गुडघे माझ्याकडे आहेत का? मधून मी पुढे कशी जाणार? आणि आवाज पुढून येतोय हो. उजवीकडून. बोलू नका, मला ऐकू येत नाही."

तोवर मेहुण्याने चाकाच्या वाटेत वीट ठेवली. गाडी विटेवर चढली आणि उतरली. त्याने दोन विटा ठेवल्या. गाडी दोन विटांवर चढली आणि उतरली. मग कुठूनतरी एक ओंडका आणून टाकला. गाडी क्षणभर थबकली, मागच्या चाकांनी माती उकरली, आणि ओंडका ओलांडून ती पुढे झाली. चारी चाकांची ताकद इतक्या वर्षांत कोणाला पटवून देता आली नव्हती. आज तिने ती स्वतःच पटवली. ग्रंथपालांना क्षणभर भरून आलं. पुढच्याच क्षणी मागचं चाक त्यांच्या चपलेवरून गेलं. पाय वाचला, पण चपलेला जागच्या जागी थांबायची शिक्षा मिळाल्याने ते गुडघ्यांवर पडले.

ओंडक्यामुळे गोल जरा सरकला होता. त्या फेरीत गाडी शेजारणीच्या दोरीखालून गेली आणि फुलाफुलांची एक चादर टपावर घेऊन बाहेर आली.

"अहो, माझी चादर!" शेजारीण धावत आली. ती आता गाडीच्या मागे, ग्रंथपाल बाजूला आणि मेहुणा वीट घेऊन पुढे, अशी वरात फिरू लागली. ग्रंथपालांनी चालता चालता मिस्त्रींना फोन लावला. "या! लगेच या! गाडी थांबत नाहीये!"

मिस्त्रींचं गॅरेज दोन गल्ल्या सोडून होतं. ते स्कूटरवरून आले, मैदानात शिरले, गाडीकडे पाहिलं, आणि एकदम हात वर केला.

"थांबवू नका!"

"काय?"

"थांबवू नका म्हणतो! येतोय साहेब, येतोय! आवाज येतोय!" ते मैदानाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि डोळे मिटून, गाडी फिरेल तसे जागच्या जागी फिरू लागले. "अहाहा. काय स्पष्ट आहे."

"मिस्त्री, आत माझ्या सासूबाई आहेत!"

"असू द्या. वजनाने आणखी स्पष्ट येतोय."

"डिफरन्शियल आहे ते," मेहुणा धापा टाकत म्हणाला.

"काहीतरीच. डावीकडे वळताना भार कोणावर येतो? उजव्या बाजूवर. पुढच्या उजव्या ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट गेलाय."

"मी कधीपासून उजवीकडेच म्हणतेय," बोटभर फटीतून सासूबाईंचा आवाज आला आणि पुढे निघून गेला.

मिस्त्रींनी डोळे उघडले. "खात्रीसाठी आता उजवीकडे फिरवून बघू."

"फिरवणार कोण?" ग्रंथपाल किंचाळले. ग्रंथालयात हळू बोलण्यात हयात गेलेल्या माणसाचा हा आवाज ऐकून शेजारीणसुद्धा चादर विसरून थांबली.

नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक आलं. कडक इस्त्रीचे कपडे घातलेला एक गृहस्थ मैदानाच्या कडेला येऊन थांबला. समोर गाडी संथपणे, अचूक गोल फिरत होती. मागे एक वयस्क बाई प्रसन्न मुद्रेने बसल्या होत्या. चालकाची जागा रिकामी होती.

"ड्रायव्हर कुठाय?" त्याने विचारलं.

"लागत नाही," मेहुणा म्हणाला. विमा विकायची सवय, दुसरं काय.

"या जुन्या मॉडेललाही ही सोय होती?"

"फार थोड्यांना."

गिऱ्हाईक हरखून गेलं. "आणि अडथळे?"

"चढते. आता बघा ना, विटा, ओंडका, सगळं."

"घेतली! कागद कुठे करायचे?"

"घेऊन जा!" ग्रंथपाल म्हणाले. त्यांच्या एका पायात चप्पल नव्हती, गुडघे मातीने भरले होते. "आत्ताच्या आत्ता घेऊन जा. फक्त सासूबाई तेवढ्या ठेवा."

"काय चाललंय इथे?"

तो आवाज मुख्याध्यापिकांचा होता. मेहुण्याने हातातली वीट पाठीमागे लपवली. मुख्याध्यापिकांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा गाडीकडे, आणि गाडी समोर येताच म्हणाल्या, "आई, लॉक काढ."

टक्. लॉक निघालं.

"एवढंच होय?" सासूबाई म्हणाल्या. "मग तसं सांगायचं ना. हे आपले दार उघडा, दार उघडा करत होते."

ग्रंथपाल पुढचं दार उघडून आत पडले आणि दोन्ही हातांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली. कितीतरी वेळाने पहिल्यांदा पाखरांचा आवाज ऐकू आला. आणि त्यात सासूबाईंचं हसू. आधी हळूच, मग शाल तोंडावर धरून, मग शाल बाजूला टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अगं, जावईबापू पळत होते... आणि हा मेला वीट घेऊन... आणि ते मिस्त्री भोवऱ्यासारखे..."

मुख्याध्यापिका आईकडे बघत राहिल्या. मग त्यांनी शेजारणीची चादर टपावरून काढली, नीट घडी करून तिच्या हातात दिली, आणि गिऱ्हाइकाकडे वळल्या.

"माफ करा. गाडी विकायची नाही."

"अगं!" ग्रंथपाल सीटवरून ओरडले. "विकायचीय! मी हो म्हटलंय त्यांना! तूच तर म्हणत होतीस, आवाज..."

"आवाज कशाचा ते कळलंय ना? मग झालं तर. मिस्त्री, जॉइंट बदलायला किती दिवस लागतील? आईला पुढच्या रविवारी फिरायला न्यायचंय. अहो, तुम्ही उतरा."

ग्रंथपाल उतरले. मुख्याध्यापिका त्यांच्या जागी बसल्या. सासूबाईंना हात धरून पुढच्या सीटवर बसवण्यात आलं, मिस्त्री मागे चढले, आणि उजवीकडची खात्री करून घ्यायला गाडी मैदानातून दिमाखात निघाली.

कडेला गिऱ्हाईक उभं होतं. त्याला वाईट वाटलं असावं.

"तुमची मात्र खरंच विकायची इच्छा होती," ते ग्रंथपालांना म्हणालं.

"होती."

"कधीपासून?"

ग्रंथपालांनी गुडघ्यांवरची माती झटकली. "तुम्ही आलात ना," ते म्हणाले, "त्याच्या जरासं आधीपासून."