एक बाई, एक नंबर

आप्पांच्या बायकोचा आवाज गेला, हे त्यांना मेव्हणीच्या फोनवरून कळलं. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. आवाज मात्र कालपर्यंत ठणठणीत होता.

"भावजी, ताईची अंगाई लावली," मेव्हणी म्हणाली, "तर तुम्ही खोकलात."

"मी? मी तर चहा पितोय."

"दुसरं गाणं लावलं, त्यातही तुम्हीच. वर विचारताय, 'हॅलो, चालू झालं का?' दहाच्या दहा गाण्यांत तेच."

आप्पांनी कप खाली ठेवला. गाणी इंटरनेटवर त्यांनीच चढवली होती. लेक म्हणाली होती, "बाबा, थांबा, मी रविवारी येऊन करते." पण आप्पांनी जन्मभर घरोघर विजेच्या मीटरचे आकडे घेतलेले. "तू मला नंबर शिकवतेस?"

गाणी जिथे रेकॉर्ड झाली, त्या स्टुडिओवाल्याने दहा गाण्यांसाठी दहा कोड दिले होते. आप्पांनी पहिला उचलला आणि दहाही गाण्यांना तोच लावला. एक घर, एक मीटर, एक नंबर. तशी एक बाई, एक नंबर. शेवटी तिची ओळख करून द्यायला स्वतःचं चार शब्दांचं भाषण रेकॉर्ड केलं. ते खोकला आणि 'हॅलो'पुढे सरकलं नाही, तरी घरचाच माणूस म्हणून त्याच नंबरावर चढवलं. एका नंबराचं एकच रेकॉर्डिंग असणार, असं समजून साइटने शेवटचं तेवढं ठेवलं. आणि आप्पांनी कॉम्प्युटरवरची गाणी कालच पुसली होती. वर पोचल्यावर खाली अडगळ कशाला?

आप्पा तडक स्टुडिओत गेले. स्टुडिओवाल्याने साइटवरचं त्यांचं पान उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"इथे वर बारकोड भरलाय, तो कुठून आणलात?"

"भांडी घासायच्या पावडरीच्या डब्यावरून. दुकानात कधी अडला नाही तो."

"आप्पा, बारकोड गाण्यांच्या अख्ख्या संचाचा असतो, त्याचा त्याचा वेगळा. उद्या सीडी काढली, तर दुकानाच्या मशीनवर वहिनी पावडर म्हणून निघतील."

"आणि तू दिलेले ते दुसरे नंबर?"

"ते गाणाऱ्याचे नसतात, एकेका रेकॉर्डिंगचे असतात. तेच गाणं वहिनींनी उद्या पुन्हा गायलं तरी..."

"तरी काय?"

"तरी नवा नंबर लागला असता."

आप्पा हळूच म्हणाले, "गाणी कुठे उरलीत का रे?"

स्टुडिओवाल्याने कपाटातून मूळ रेकॉर्डिंगच्या हार्ड डिस्कची डबी काढून मशीनला जोडली. आधी खरखर झाली, मग आवाज आला, "अहो, आधी तो पंखा बंद करा."

आप्पा ताडकन उठले आणि भिंतीवर पंख्याचं बटण शोधू लागले.

"आप्पा, रेकॉर्डिंग आहे ते."

"माहितीये मला," आप्पा म्हणाले, पण बटण दाबून आले. मग उकाड्यात बसून तिसरं गाणं संपेपर्यंत हलले नाहीत. बाहेर पडले तेव्हा सदरा भिजला होता आणि पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नाही, हे त्यांना पहिल्यांदा जाणवलं.

रविवारी लेक आली. संचाला त्याचा स्वतःचा बारकोड मिळाला. कोड देण्याआधी आप्पांनी प्रत्येक गाणं शेवटपर्यंत ऐकून बघायचं, अशी तिने अट घातली. नऊ गाणी झाली.

दहावं बायकोने आजारपणात गायलं होतं. मधे तिला धाप लागते. ते आप्पांनी अजून ऐकलेलं नाही. त्याला नंबर द्यायचा राहिलाय.