मेश्राम पार्किंग लॉटमधून ऐकतो

स्पीकर घ्यायला निघालेला माणूस दुकानात शिरतो, समोरच्या खुर्चीत बसतो, डोळे मिटतो आणि मान डोलावतो. मेश्राम दुकानात शिरायचा, सेल्समनला गाणं लावायला सांगायचा आणि बाहेर पार्किंग लॉटमध्ये जाऊन उभा राहायचा.

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधला डिसेंबर. दार उघडं धरून ठेवायचं काम माझ्याकडे. "दार सोडू नको बे जोशी," असं बजावून तो बर्फातून गाड्यांच्या तिसऱ्या रांगेपर्यंत जायचा आणि कानामागे तळवा धरून उभा राहायचा. आत केविन नावाचा टाय लावलेला सेल्समन माझ्याकडे बघायचा. माझा एक कान हीटरमध्ये, दुसरा शून्याखाली. मी ओशाळं हसायचो. तिकडे मेश्राम नकाराची मान हलवत परत येऊ लागलेला असायचा.

केविनच्या दुकानात एक खास खोली होती. भिंतींना जाड पडदे, दोन स्पीकर आणि त्यांच्या बरोब्बर मध्यावर काळ्या चामड्याची एकच खुर्ची. त्या जागेला तो 'स्वीट स्पॉट' म्हणायचा. गायक समोर उभा राहिल्याचा भास होतो म्हणे तिथे. होतोही, कारण मी बसून पाहिलं होतं. मेश्राम त्या खुर्चीत एकदाही बसला नाही. तो खोलीच्या कोपऱ्यात आग विझवायच्या सिलिंडरपाशी उभा राहिला, मग बाहेरच्या बोळात गेला, मग बाथरूममध्ये शिरून त्याने दार लावून घेतलं. बाहेर आल्यावर त्याने केविनला विचारलं, "व्हॉट अबाउट द फेलो इन द बॅक?"

"सर, मागे कोणीच नाहीये," केविन म्हणाला.

"देअर इज ऑलवेज समबडी इन द बॅक," मेश्राम म्हणाला, आणि आम्ही निघालो.

प्रभाकर मेश्राम नागपूरचा. आम्ही दोघं एकाच कंपनीत पंपांची डिझाइनं करायचो. माणूस हुशार, पण त्याचं एक पालुपद होतं: "मागच्यानं काय पाप केलं?" ऑफिसात प्रेझेंटेशन देताना तो मध्येच थांबून शेवटच्या खुर्चीतल्या माणसाला ऐकू येतंय का ते विचारायचा. आमच्या मराठी मंडळाच्या जेवणात श्रीखंड वाढायला घ्यायचा तो शेवटच्या टेबलापासून. पुढच्या टेबलावर कार्यकारिणी बसलेली असे. दोन वर्षं कार्यकारिणीला श्रीखंड पोचलं नाही, आणि तिसऱ्या वर्षी मेश्रामकडे फक्त पाण्याचे ग्लास दिले.

मी स्वतः स्पीकरच्या विषयातला जाणकार. निदान तोवर तरी तसं समजत होतो. माझ्या बेसमेंटमध्ये मीही तशीच एक खुर्ची ठेवली होती. तिचे पाय कुठे यायला हवेत त्याच्या खुणा कार्पेटवर चिकटपट्टीने केल्या होत्या आणि व्हॅक्यूम करताना त्या हलल्या तर घरात दोन दिवस अबोला व्हायचा. मेश्रामला मोठ्या कौतुकाने ऐकायला बोलावलं, तर हा जिन्याच्या पायरीवर बसला. दोन गाणी ऐकली आणि म्हणाला, "मस्त आहे, पण हे एका माणसाचं संगीत आहे. वहिनी कुठं बसून ऐकतात?"

वहिनी ऐकत नव्हत्याच. मला राग आला. दोन आठवडे मी ऑफिसात त्याच्याबरोबर कॉफी घेतली नाही.

पण त्याला सोडवेना. एक तर त्याला ड्रायव्हिंगला सोबत लागायची, आणि दुसरं म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरची घाई. मे महिन्यात त्याची आई पहिल्यांदा अमेरिकेला येणार होती. बुद्धजयंती त्याच्या घरी, चाळीस माणसं. त्याआधी स्पीकर आले पाहिजेत, एवढाच त्याचा घोष. त्याची बायको कुंदा म्हणायची, "सासूबाई येऊन राहिल्या, घरात धड सोफा नाही आणि हे स्पीकर शोधून राहिले." दुकानं घरी ट्रायलला द्यायची, म्हणून दर शनिवारी एक जोडी यायची आणि सोमवारी परत जायची. मेश्राम गाणं लावून गॅरेजमध्ये जाऊन बसायचा. त्याची मुलगी सुजाता चौदा वर्षांची. "डॅड, प्लीज. द नेबर्स थिंक मॉम थ्रू यू आउट," ती म्हणायची.

एप्रिलमध्ये केविनचाच फोन आला. आवाजावरून तो आमच्यामुळे खचलेला वाटत होता. विस्कॉन्सिनमध्ये एक म्हातारा आपल्या धान्याच्या कोठारात स्पीकर बनवतो, म्हणाला. ते कोणी घेत नाही, कारण त्यांना 'स्वीट स्पॉट'च नाही.

आम्ही शनिवारी सकाळीच निघालो. दीड तास मेश्राम गाडी हाकत होता. शेवटी मी विचारलं, "हे मागचं-मागचं काय आहे तुझं?"

त्याने रस्त्यावरून नजर हलवली नाही. "आईच्या माहेरच्या गावात एकच ग्रामोफोन होता, पाटलाच्या ओसरीवर. आई लहानपणी ऐकायला जायची. ओसरीवर नाही जाता यायचं आमच्या लोकांना. रस्त्याच्या पलीकडे लिंबाचं झाड होतं, तिथवर." मग म्हणाला, "ती माझ्या घरी आली तरी दाराशीच बसेल, पाहशील. सवय आहे. मी तिला पुढे ये म्हणणार नाही. आवाजच मागे गेला पायजे."

मी आयुष्यात नेहमी पुढच्या रांगेत बसलोय. तिथल्यापेक्षा मागे वेगळं ऐकू येत असेल, हा विचार माझ्या डोक्याला कधी शिवला नव्हता. मला स्वतःची लाज वाटली. मी नकाशा उघडून बघत बसलो, रस्ता सरळच होता तरी.

म्हाताऱ्याचे स्पीकर म्हणजे कमरेएवढे दोन लाकडी खांब. आवाज वरून निघायचा, डोक्यावरच्या शंकूवर आपटायचा आणि चहूकडे पसरायचा. गाणं लागलं. मेश्राम कोठाराच्या मागच्या भिंतीशी गेला, ट्रॅक्टरच्या पलीकडे गेला, दारातून बाहेर पडला आणि शेतात चालू लागला. चालता चालता कुंपणापाशी थांबला. तिथून त्याने दोन्ही हात वर केले आणि तो अक्षरशः धावत आला. पोट सुटलेला बेचाळीस वर्षांचा माणूस, चिखलातून. त्याने म्हाताऱ्याचा हात धरला तो सोडेचना.

"माझे स्पीकर मागे जाऊन ऐकणारा तू पहिलाच," म्हातारा म्हणाला. त्याने खांब आपल्या हाताने ब्लँकेटमध्ये गुंडाळून दिले.

बुद्धजयंतीला वंदना झाली, खीर झाली. आई आठच दिवसांपूर्वी आल्या होत्या. काटक, पांढऱ्या लुगड्यातल्या. सगळे हॉलमध्ये बसले आणि त्या बसल्या दाराशी, चपलांच्या बाजूला. मला राहवेना. मी उठणार तेवढ्यात मेश्रामने माझा दंड धरला आणि मान हलवली. मी बसलो.

त्याने कॅसेट लावली आणि माझ्याशेजारी येऊन बसला. पाटलाच्या ग्रामोफोनवरचंच ते जुनं गाणं, भाच्याकडून नागपूरहून मागवलेलं. खरखर होतीच, पण शब्द न् शब्द हॉलभर, स्वयंपाकघरात, जिन्यावर एकसारखा. आई हळूच सोबत गुणगुणू लागल्या. धृपद आलं, पहिलं कडवं आलं. दुसऱ्या कडव्यात एका ओळीशी त्यांनी नुसतंच "हूं हूं" केलं आणि एकदम थांबल्या.

"अस्सं आहे होय ते," त्या म्हणाल्या.

मेश्राम जागेवरून हलला नाही. फक्त माझा दंड त्याने पुन्हा धरला होता, हे मला तेव्हा कळलं.

"लिंबापाशी ती ओळ यायची नाही," आई कुंदाला सांगत होत्या. "वारा उलटा राह्यचा. साठ वर्सं झाली, मी हूं हूंच करते." मग मेश्रामला म्हणाल्या, "पुन्हा लाव बाबू."

त्याने पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. चौथ्या वेळी आईंना ती ओळ आली होती. त्या मोकळ्या गळ्याने गाऊ लागल्या, आणि स्पीकरकडे तोंड करून बसलेली आम्ही चाळीस माणसं एकेक करून वळलो. सुजाता उठून आजीच्या पुढ्यात जाऊन बसली. माझी बायको रडत होती, मीही.

मेश्राम अॅम्प्लिफायरपाशी गेला. आवाजाचं बटण हळूहळू कमी करत त्याने पार बंद केलं. पाच महिने शोधलेले स्पीकर गप्प झाले. आई दारात बसून पूर्ण गाणं म्हणत राहिल्या, आणि मेश्राम सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून हसत उभा होता.