ऊन दाखवलेली मुलाखत

एकनाथरावांनी कपाट उघडलं, नाक आत घातलं आणि तिथूनच ओरडले, "बुरशीचा वास येतोय! रविवारी माणूस येणार आणि आज रस्टी बेल्मनला बुरशी!"

"मग ऊन दाखवायचं की," डाळ निवडता निवडता शकुंतलाबाई म्हणाल्या.

एकनाथरावांनी ते ऐकलं नाही. तशी त्यांची सवय तीस वर्षांची होती. पायात चपला अडकवून ते इलाहीबक्षच्या जुन्या सामानाच्या दुकानाकडे रेकॉर्ड प्लेअरची नवी सुई आणायला निघून गेले.

आता हा रस्टी बेल्मन कोण, ते सांगायला हवं. हा परदेशी रॉक गायक. पण एकनाथरावांना त्याच्या गाण्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना हवी होती त्याच्या मुलाखतीची रेकॉर्ड. पूर्वी परदेशातल्या कंपन्या रेडिओ केंद्रांना जाहिरातीसाठी अशा रेकॉर्डी फुकट पाठवायच्या. त्यात गायकाची नुसती उत्तरं, आणि मधेमधे कोरी शांतता. सोबत प्रश्नांचा छापील कागद. तिथल्या निवेदकानं शांततेत प्रश्न वाचायचा, की ऐकणाऱ्याला वाटायचं, गायक आपल्याच गावात येऊन बसलाय.

एकनाथरावांना तरुणपणी निवेदक व्हायचं होतं. आवाजाच्या परीक्षेत ते तीनदा नापास झाले आणि पुढं एका कॉलेजच्या कार्यालयात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. मात्र नोकरीत असतानाच, तीस वर्षांपूर्वी, इलाहीबक्षच्या जुन्या सामानात अशी पहिली रेकॉर्ड सापडली आणि त्यांचं नशीब उघडलं. दर रविवारी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते रस्टी बेल्मनची मुलाखत घेऊ लागले. पाहुणा तोच, प्रश्न तेच, उत्तरंही तीच. पुढं इतर गायकांच्या धरून अशा अकरा रेकॉर्डी जमल्या. अन् येत्या रविवारी बंगळुरूचे रेकॉर्ड-संग्राहक अनिलकुमार येणार होते. मुलाखत ते ध्वनिमुद्रित करणार होते, प्रश्नांसकट! एकनाथरावांचा आवाज एकदाचा कुठंतरी उमटणार होता.

सुई घेऊन ते परतले तेव्हा कपाट रिकामं होतं.

"रेकॉर्डी कुठायत?"

"गच्चीवर. मिरच्यांच्या शेजारी."

सोलापुरात मे महिन्यात कावळेसुद्धा दुपारी रिक्षानं फिरतात. ह्यावर विश्वास नसेल त्यानं एखादा दिवस येऊन बघावं. एकनाथराव गच्चीवर पोचले तर अकराही रेकॉर्डींचे वाडगे झालेले. एकात शेजारच्या बजाबाईंनी सांडगे वाळत घातले होते.

"मला वाटलं, नव्या तऱ्हेच्या परड्या आणल्यात," बजाबाई कठड्यापलीकडून म्हणाल्या. "लई हलक्या हायत की."

"शकुंतला, अगं काय केलंस हे?"

"तुम्हीच बुरशी म्हणालात. गाद्या, मिरच्या, माझा शालू, सगळ्याला दरसाल ऊन दाखवते मी. आजवर काही वाकलं का?"

शालू कधीच वाकला नव्हता, हे एकनाथरावांना कबूल करावं लागलं.

इलाहीबक्षला बोलावणं गेलं. त्यानं वाडगे उलटेसुलटे करून पाहिले. "भाऊ, फिकीर करू नका. उनानं बिघडलं ते उनानंच सुधरतंय. दोन काचांच्या मधी दाबू."

त्यानं दुकानातल्या कपाटाच्या काचा आणल्या, वर पाटा ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहिलं तर दहा रेकॉर्डी तडकलेल्या. रस्टी बेल्मन तेवढा वाचला होता, पण कुरडईसारखा लाटालाटांचा होऊन.

"भाकरी नाही जमली," इलाहीबक्ष हळूच म्हणाला, "पण पापड हाय की."

रविवारी अनिलकुमार आले. आजोळ अक्कलकोटचं, त्यामुळे मराठी बरी. त्यांनी मायक्रोफोन मांडला. इस्त्रीच्या शर्टातल्या एकनाथरावांनी कागद धरला आणि सुई टेकवली. आणि काय सांगू! उत्तर आलं की सुई लाटेवरून उडी मारायची आणि थेट पुढच्या शांततेत जाऊन बसायची. रस्टी बेल्मनचं अक्षर उमटेना. प्रश्नांसाठी सोडलेली शांतता मात्र कशी अगदी स्वच्छ वाजत होती.

एकनाथरावांनी घाम पुसत पहिला प्रश्न वाचला. "मिस्टर बेल्मन, हाऊ डू यू राइट युवर साँग्ज?"

शांतता. खरखरसुद्धा नाही. अनिलकुमार मायक्रोफोन बंद करणार, एवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला,

"वेल, मॅन, आय जस्ट सिट इन द बाथटब अँड वेट!"

शकुंतलाबाई पोळी लाटत होत्या. तीस वर्षं दर रविवारी ऐकून त्यांना सगळं पाठ झालं होतं, रस्टीच्या खोकल्यासकट. एकनाथराव विचारत गेले, त्या सांगत गेल्या. अनिलकुमारांनी मायक्रोफोन मुकाट्यानं स्वयंपाकघराच्या दाराशी नेला.

शेवटचा प्रश्न आला. "व्हेअर वुड यू लाइक टु बी, धिस सन्डे?"

हे उत्तर शकुंतलाबाईंनी कधी ऐकलंच नव्हतं. त्या वेळेला नेमक्या कुकरच्या शिट्ट्या सुरू असायच्या. लाटणं थांबलं. दहावीपर्यंतचं इंग्रजी प्रश्नापुरतं पुरलं.

"करमाळ्याला," त्या म्हणाल्या. "माहेरी. पण ह्यांचा रविवार असतो की."

एकनाथरावांनी कागद खाली ठेवला. रेकॉर्ड शांततेतच फिरत राहिली.

पंधरा दिवसांनी बंगळुरूहून ध्वनिमुद्रण आलं. सोबत अनिलकुमारांचा निरोप होता: 'अशी रेकॉर्ड जगात दुसरी नाही. मूळ पद्धतीशी इमान राखायचं म्हणून प्रश्न काढून टाकले आहेत आणि तिथं शांतता ठेवली आहे. कलाकार म्हणून वहिनींचं नाव घातलं आहे.'

एकनाथरावांनी मोबाइल कानाला लावून सगळं ऐकलं. बायकोची उत्तरं, आणि मधेमधे ते स्वतः नव्हते. शेवटचं 'करमाळ्याला' त्यांनी चारदा ऐकलं. ही बाई इतकं बोलू शकते, हे त्यांना बंगळुरूहून कळावं!

पुढच्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून ते करमाळ्याच्या एसटीत बसले. शेजारी खिडकीपाशी शालू नेसलेल्या शकुंतलाबाई.

मोहोळ मागं पडलं.

"विचारा की काहीतरी," शकुंतलाबाई म्हणाल्या. "त्या बेल्मनला तर किती विचारत होता."

एकनाथरावांनी खिसा चाचपला. कागद घरी राहिला होता. त्यांनी डोकं खाजवलं, बाहेरचा ऊस बघितला, घसा साफ केला. तीस वर्षांच्या अनुभवी मुलाखतकाराला एक प्रश्न सुचेना. अखेर टेंभुर्णी जवळ आल्यावर तो सुचला.

"खिडकी उघडू का?"

शकुंतलाबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. मग पदर नीट करत म्हणाल्या,

"नको. ऊन येतंय."