सावलीत वाढलेली घोरपड

एका जंगलात ऊन फुकट मिळत असे. त्यामुळे तिथल्या प्रतिष्ठित प्राण्यांना ते आवडत नसे.

मुलांनो, फुकटची वस्तू माकडांनी घ्यावी, गाढवांनी घ्यावी. मोठ्यांनी घ्यायची नसते. त्या जंगलाचे महाराज सिंह दिवसभर करंजाच्या दाट सावलीत पडून असत. महाराज जे करतात त्याला सभ्यपणा म्हणतात. बाकीचे प्राणी तेच करू लागले तर त्याला संस्कृती म्हणतात. हे तुम्हाला मोठेपणी परीक्षेला येईल.

तर या जंगलात ओढ्याच्या काठी भिवराबाई नावाची घोरपड राहायची. तिला एक मुलगी झाली. अंड्यातून बाहेर आली तेव्हा पिल्लाच्या अंगावर छान पिवळसर ठिपके होते. आता घोरपडीची सगळीच पिल्लं अशी जन्मतात. मग ती उन्हात लोळतात, मातीत लोळतात आणि बघता बघता खडकाच्या रंगाची होतात. त्यात कुणाला काही वाईट वाटत नाही.

भिवराबाईंना वाटलं. त्या स्वतः डांबरासारख्या काळ्या होत्या आणि त्याबद्दल त्यांनी सासरी बरंच ऐकून घेतलं होतं. आपल्या पोरीला ते ऐकावं लागू नये, असं त्यांनी ठरवलं. मुलीचं नाव ठेवलं शुभ्रा, आणि तिला बिळाच्या सगळ्यात आतल्या खोलीत ठेवलं.

घोरपडीचं रक्त थंड असतं. ऊब नसेल तर तिला पाय उचलणंही होत नाही. भिवराबाईंनी त्यावर उपाय काढला. खोलीत ओला पालापाचोळा रचला. पाला कुजला की वाफ धरतो. त्या वाफेत पोर गरम राहायची. ऊन म्हणजे शेवटी ऊबच की, असं भिवराबाई शेजारणींना सांगायच्या, आणि त्यांच्या हुशारीचं शेजारणींनाही कौतुक वाटायचं.

शुभ्रा शिकली घुबडसरांच्या शाळेत. ती शाळा गुहेत भरायची आणि फार नावाजलेली होती. उजेडाने मुलांचं लक्ष विचलित होतं, असं घुबडसरांचं मत होतं. पालकांना ते पटत असे, कारण ते सर इंग्रजीत सांगत. शाळेत खेळाचा तास होता, पण तो फळ्यावर शिकवला जाई. धावण्याच्या लेखी परीक्षेत शुभ्रा पहिली आली.

शुभ्रा बिळाच्या तोंडाशी कधी आलीच, तर तिला ओढ्यापलीकडची पोरं दिसायची. ती उंबरावर सरसर चढायची आणि धपाधप पडायची. पडून पुन्हा चढायची. शुभ्राला त्यांच्यात जावंसं वाटे. एकदा ती अर्धी बाहेर आलीसुद्धा. पाठीवर ऊन पडलं तेव्हा तिला कुणीतरी पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटलं. मग भिवराबाईंनी शेपटीला धरून तिला आत ओढलं.

पुढे तिचे पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वाकू लागले. दातही उशिरा आले. रात्री पाय दुखायचे. भिवराबाई तेल चोळत आणि म्हणत की वाढीच्या वयात असं होतंच. पण पोर खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाताना दोनदा बसू लागली, तेव्हा त्या हबकल्या आणि तिला घेऊन डॉक्टर साळिंदरांकडे गेल्या. संध्याकाळी गेल्या, म्हणजे वाटेत ऊन लागायला नको.

डॉक्टरांनी पोरीची मनगटं दाबून पाहिली, ती सुजल्यासारखी लागली. फासळ्यांवरून बोट फिरवलं. मग पोरीला बाहेर बसवलं आणि आईशी बोलले.

अंगावर ऊन पडलं की कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं, असं त्यांनी सांगितलं. ते नसलं तर खाल्लेलं कॅल्शियम नुसतं पोटातून जातं, हाडापर्यंत पोचत नाही. मग हाड मऊ राहतं आणि वजनाने वाकतं. भिवराबाई म्हणाल्या की आम्ही पोरीला रोज गोगलगाई घालतो, शंखासकट. डॉक्टर म्हणाले, शंख घालता ते ठीकच, पण वाट बंद असेल तर तो शंख जाणार कुठे. पाल्याच्या वाफेने अंग तापतं, जीवनसत्त्व होत नाही. त्यांनी थेंब लिहून दिले आणि रोज सकाळी पोरीला उन्हात खेळू द्या म्हणून सांगितलं. आत्ता केलं तर पाय बरेचसे सरळ होतील. हाडं भरायचं वय हेच आहे, ते परत येत नाही.

भिवराबाईंनी विचारलं, "रंग जाईल का?"

"जाईल," डॉक्टर म्हणाले.

भिवराबाईंनी थेंब घेतले आणि घरी येऊन ओढ्यात ओतले. पोरीला औषध चालू आहे हे चार बिळांत कळलं असतं, तर उद्या तिला स्थळ कोण आणणार होतं? डॉक्टरांबद्दल त्या एवढंच म्हणाल्या की ज्याच्या स्वतःच्या अंगावर काटे आहेत, त्याला कातडीतलं काय कळणार.

शुभ्रा मोठी झाली. तिच्या रंगाची कीर्ती जंगलभर पसरली. पाय वाकडे असल्यामुळे ती हळू आणि डुलत चालायची. त्या चालीला दरबारातल्या मोरांनी लाजरी चाल असं नाव दिलं. मग काय, चांगल्या पायांच्या मुलीही पाय फाकून चालू लागल्या.

स्थळ आलं ते कड्यावरच्या घोरपडींचं. मुलाचं नाव रायाजी. कड्यावरच्यांची एक रीत होती. नव्या सुनेने लग्नाच्या दिवशी खडकाला पकडायचं आणि सासरच्यांनी शेपूट धरून ओढायचं. सून सुटली नाही तर जेवायला बसायचं. भिवराबाईंनी मध्यस्थामार्फत कळवलं की मुलगी नाजूक आहे, ही रीत टाळता आली तर बरं. सासूबाईंनी सुनेकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या की असल्या रंगाला पकड कशाला हवी. सगळे लगेच जेवायला बसले.

रायाजी मनाने चांगला होता. तिला चढवत नाही हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा तो शिकार बिळात आणून देऊ लागला. पण सासरी सगळ्या बायका सकाळी कड्यावर अंग शेकायला बसत, आणि नव्या सुनेला सारखं घरात बसणं बरं दिसेना. म्हणून एके दिवशी शुभ्रा त्यांच्याबरोबर बाहेर आली आणि कडेला जाऊन बसली.

आकाशात मोरघार फिरत होती. तिने खाली पाहिलं. कड्यावर पुष्कळ घोरपडी होत्या, पण त्या खडकाच्या रंगाच्या, त्यामुळे तिला खडकच दिसला. आणि त्या खडकावर एक पांढुरकी, ठळक, दुरून ओळखू येणारी घोरपड दिसली.

मोरघार खाली आली. बाकीच्या क्षणात फटींत शिरल्या. शुभ्राही एका फटीशी पोचली. डोकं आत घातलं, नख्या रोवल्या आणि अंग फुगवलं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ते तिच्या रक्तातच होतं. मोरघारीने शेपूट धरून ओढलं. शुभ्राने धरून ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने कशाला तरी सगळा जीव एकवटून धरलं होतं, आणि ते सुटत नव्हतं. तिला वाटलं, जमलं आपल्याला.

मग वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. नख्या खडकात तशाच होत्या. मोडलं होतं ते हाड.

तिच्या नशिबाने घारीच्या हाती शेपटीचं टोकच लागलं होतं, ते निसटलं. शुभ्रा खाली करवंदीच्या जाळीत पडली. काट्यांत शिरणं घारीला जमेना. रायाजीने तिला रक्तबंबाळ अवस्थेत ओढून काढलं आणि डॉक्टर साळिंदरांकडे नेलं.

डॉक्टर आता म्हातारे झाले होते. त्यांनी पाय बांधला. दुसऱ्या पायाचं हाड चाचपलं, पाठीचा कणा चाचपला. शुभ्राने विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की हाडं लहानपणी भरलीच नाहीत. आता थेंब घे, उन्हात बस, म्हणजे दुखणं कमी होईल, आणखी मोडणं टळेल. पण वाकलं आहे ते वाकलेलंच राहील. तू लहान असताना हे मी तुझ्या आईला सांगितलं होतं, असंही ते म्हणाले. शुभ्राला हे ठाऊक असेल असं त्यांना वाटलं होतं.

भिवराबाई लेकीला बघायला आल्या, तेव्हा त्यांनी आधी तिचा चेहरा निरखला. खरचटल्याचे डाग राहतील का, हे विचारलं.

शुभ्रा म्हणाली, "आई, तुला माहीत होतं."

भिवराबाई म्हणाल्या, "मला लोक काय काय बोलले ते तुला माहीत नाही, बाळा."

शुभ्रा रडली. आईही रडली. दोघी आपापल्या दुःखाने रडल्या, आणि दोघींचं दुःख खरं होतं.

पुढच्या वर्षी शुभ्राने अंडी घातली. तिच्या अंगात कवचाला पुरेसं काही नव्हतं. कवचं कागदासारखी निघाली आणि बहुतेक अंडी दबून फुटली. एकच टिकलं. त्यातून मुलगी झाली, आणि तिच्याही अंगावर छान पिवळसर ठिपके होते. सासूबाई म्हणाल्या, आईवर गेली, आता हिला जपा.

शुभ्राने जपायचं ठरवलं. तिने रायाजीला सांगून सावलीतलं बीळ सोडलं आणि उघड्या कातळावर एका दगडाखाली संसार मांडला. मजूर घोरपडी राहतात तसला तो भाग होता. मुलीचं नाव काजळी ठेवलं. दरबाराची आमंत्रणं बंद झाली. शुभ्रा स्वतः डॉक्टरांचे थेंब घेत होती आणि रोज सकाळी पोरीबरोबर उन्हात पसरत होती. तिचा प्रसिद्ध रंग पावसाळ्याआधीच गेला. आपल्याला त्याचं वाईट कसं वाटलं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

भिवराबाई नातीला बघायला आल्या, त्या पळसाचं पान डोक्यावर धरून. कातळावर बसल्या. खूप वर्षांनी त्यांच्या गुडघ्यांना ऊन लागलं आणि बरं वाटलं, पण ते त्यांनी कबूल केलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं की काजळी कुठे आहे.

शुभ्राने वर बोट दाखवलं. कड्याच्या अगदी टोकाला एक काळा ठिपका एका फटीत घट्ट बसला होता आणि चार पोरं त्याची शेपूट धरून ओढत होती. ठिपका हलत नव्हता. वर बसून तो त्या पोरांना अर्वाच्य शिव्या देत होता.

"किती काळी झाली गं," भिवराबाई म्हणाल्या.

"हो ना," शुभ्रा म्हणाली. तिला वर जाऊन पोरीला शाबासकी द्यावीशी वाटत होती. पण तिथवर चढणं या जन्मात तिला जमणार नव्हतं. म्हणून ती खालूनच बघत राहिली.

तात्पर्य: मुलांनो, उन्हात कधीही खेळू नका. हाडं आत असतात, ती कुणाला दिसत नाहीत. रंग बाहेर असतो, तो स्थळ आणणाऱ्या मामीला दिसतो.