भिंतीवरचा लालकंधारी

"गिऱ्हाईक यावं म्हणून बैल काढून घेतला, अन् समदे बैलच मागायलेत!" राधाकिशनशेटनी कपाळावर हात मारला.

सोनपेठच्या बाजारात शेटचं सरकी-पेंडीचं दुकान. निजामी संपली, जुन्या उर्दू पाट्या उतरल्या आणि दुकानदारांना भिंती रंगवून घ्यायची हौस आली. शेटनी वैजीनाथ पेंटरला बोलावलं. त्यानं भिंतभर लालकंधारी बैल काढला. काय बैल होता! कातडीवर लकाकी, डोळ्यांत ओलावा, डावं शिंग किंचित कललेलं. अक्षर मात्र एकही नाही. शब्दांनी चित्र विटाळतं, हे वैजीनाथचं ठाम मत. आणि हाताला असा गुण असला की माणसानं मतं बाळगावीत, आपण ऐकून घ्यावीत.

पण बाजाराची रीत साधी. भिंतीवर कंदील तर आत कंदील, भिंतीवर चप्पल तर आत चप्पल. बाजाराच्या दिवशी दुकानापुढं ही गर्दी!

"किती दाती हाय?"

"जोडीनं देता का सुटा?"

"अरे, आमी पेंड इकतो!" शेट ओरडले.

"इका की. पर बैलाचं काय म्हणता?"

तेवढ्यात बोरीचे किशनराव आले. त्यांचा बैल दावं तोडून परागंदा झाला होता. भिंत बघताच त्यांनी हंबरडा फोडला, "ह्यो तर माझा हौश्या! बैल म्होरं उभा केल्याबिगर असलं शिंग निघतंय व्हय? कुठं कोंडलाय, बोला!"

किशनराव आत घुसले, मागोमाग बाजार घुसला. पोती इकडची तिकडं झाली. बैल सापडला नाही, पण शेट बैलचोर ठरले. कोपऱ्यात वैजीनाथ मात्र खुलला होता. अशी पावती त्याला जन्मात कुणी दिली नव्हती.

"दात काय काढतोस? पुढच्या बाजाराआधी चुना फिरवतो ह्याच्यावर!" शेट गरजले.

असा बैल पुन्हा हातून उतरेल याची वैजीनाथला खात्री नव्हती. मान खाली घालून तो बन्सीधरकडं गेला. बन्सीधर बाजारात दुकानदारांसाठी पुकारा करायचा. त्याचे शब्द ऐकून जेवलेल्या माणसाला पुन्हा भूक लागे. वैजीनाथ आजवर त्याला नुसता घसा समजत आला होता.

"बन्सीधरदादा, माझा बैल वाचव."

बन्सीधरनं भिंतीपुढं येऊन बैल शिंगापासून शेपटीपर्यंत न्याहाळला. "लय जिता काढलायस गड्या. पर मुका हाय. त्येला बोलू दे." आणि त्यानं दोन ओळी सांगितल्या.

'ह्यो बैल इकायचा न्हाई. ह्यो खातो ती पेंड आत हाय.'

वैजीनाथनं ती अक्षरं बैलाच्या तोंडाखाली कोवळं गवत उगवावं तशी काढली. बैल आता चरणारच, असं वाटे. पुढच्या बाजारात एकानं मोठ्यानं वाचलं, हशा उठला, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही दुपारपर्यंत ओळी पाठ झाल्या. पोती संपली. किशनरावही एक पोतं घेऊन गेले. "हौश्या घरी आला की त्येलाबी हीच घालतो," म्हणाले. चुन्याचं नाव शेटनी पुन्हा काढलं नाही.

मग दिनकररावांच्या हॉटेलाची भिंत मिळाली. शहाणा झालेल्या वैजीनाथनं एका कडेला वाफाळती किटली काढली आणि अर्धी भिंत शब्दांसाठी मोकळी सोडून बन्सीधरला मानानं बोलावून आणलं.

बन्सीधर किटलीकडं टक लावून बघत बसला.

"बोल की दादा."

"काय बोलू? वाफ बघूनच तलफ आली. इथं एक शब्दबी नको."

"असं कसं? अर्धी भिंत रिकामी हाय! दोन तरी शब्द दे!"

"छे छे," बन्सीधर उठत म्हणाला, "चित्र विटाळतं, गड्या." आणि चहा प्यायला आत शिरला.